नमुना अपुरा की खोटा?

दिवाळीच्या सुट्टीत भुसावळला बहिणीकडे गेलो होतो. भाचा अकरावीला, विज्ञान शाखेत आहे. फराळ आटोपताच त्याने मला ओढत नेऊन आपल्या संगणकापुढे बसवले. पडद्याचे दोन भाग करून त्याने दोन चित्रफिती शेजारी शेजारी लावल्या होत्या. दोन्हींत अमेरिकेतल्या शिकागो शहराचे रस्ते होते आणि त्यांवरून चालणारा लांब कोटातला तोच एक माणूस होता. डावीकडच्या चित्रात वाऱ्याने वस्तू हलत होत्या आणि ओल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबे लांबवर पसरली होती. उजवीकडचे शहर त्या मानाने सपाट आणि निर्जीव वाटत होते.

"मामा, हे पाहा. डावीकडचं २०१२ मध्ये प्रदर्शनात दाखवलं. उजवीकडचं २०१४ मध्ये लोकांनी पैसे मोजून घेतलं. सरळ सरळ फसवणूक आहे ना?"

खेळाचे नाव 'वॉच डॉग्ज'. तो युबिसॉफ्ट या मोठ्या कंपनीचा आहे. मी काही बोलायच्या आत भाच्याने निकालही देऊन टाकला. "सगळेच असं करतात. डेमो म्हणजे थापच असते. कशावर विश्वासच ठेवायचा नाही."

त्याच्या पहिल्या प्रश्नाने मला विचारात पाडले आणि दुसऱ्या वाक्याने काळजीत. दाखवलेल्या प्रत्येक गोष्टीवर विश्वास ठेवणारा विद्यार्थी विज्ञान शिकत नाही हे आपण शिक्षक जाणतोच. पण कशावरच विश्वास न ठेवणाराही ते शिकत नाही, कारण तोही तपासायचे कष्ट टाळत असतो. म्हणून व्हिडिओ गेमसारखा विषय विज्ञानाच्या मासिकात आणण्याचे धाडस करतो आहे. आपल्या वर्गातली मुले हे खेळ खेळतातच. त्यांचे डेमो ती आपल्या प्रयोगवहीपेक्षा अधिक बारकाईने पाहतात. त्या बारकाईचा आपल्याला उपयोग करून घेता येईल.

दोन वर्षांत काय बदलते?

आधी डेमो म्हणजे काय ते पाहू. कांदा उभा चिरला की एकाच फोडीत त्याचे सगळे थर दिसतात. मोठा खेळ बनवताना अशीच एक फोड आधी तयार करतात. खेळातला पाच-दहा मिनिटांचा एकच प्रसंग घ्यायचा, पण त्यात चित्र, ध्वनी, हालचाल, गोष्ट हे सगळे थर पूर्ण करायचे. उरलेला कांदा तेव्हा अजून शेतातच असतो! ही फोड प्रदर्शनात दाखवतात, तिच्यावर भांडवल उभे राहते आणि बनवणाऱ्यांनाही आपल्याला काय करायचे आहे ते स्पष्ट होते.

आता थोडे गणित करू. पडद्यावर सेकंदाला ३० चित्रे उमटवायची तर एका चित्रासाठी संगणकाला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० चित्रे हवी असतील तर १७ सुद्धा मिळत नाहीत. तेवढ्या वेळात खेळाडूने कोणते बटण दाबले ते पाहायचे, रस्त्यावरची सगळी माणसे आणि वाहने थोडी थोडी पुढे सरकवायची, कोण कोणावर आदळले ते तपासायचे, प्रकाश कुठून येतो आणि सावली कुठे पडते ते काढायचे आणि शेवटी चित्र रंगवायचे. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा असेल तर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. सेकंदाला ३० चित्रे म्हणजे ६ कोटी २२ लाखांहून अधिक ठिपके. प्रत्येकाचा रंग ठरवायचा आणि तोही वेळेत.

डेमोमध्ये रस्ता एकच असतो आणि तो कुठे वळणार हे आधीच माहीत असते. खेळणारा हातही कंपनीच्याच माणसाचा, तालमीत तयार झालेला. जिथे तो जाणारच नाही तिथे काही नसले तरी चालते. खेळ लोकांच्या हाती पडला की कोणी गाडी उलट्या दिशेने पळवतो, कोणी छपरावर चढतो, तर कोणी गर्दीच्या चौकात दहा मोटारी मुद्दाम एकमेकींवर आदळवतो. त्या सर्वांत वाईट क्षणीही ३३ मिलिसेकंदांचा हिशेब जुळायला हवा. तापीवरचा पूल बांधताना सरासरी गाडीचे वजन धरून भागत नाही, सर्वांत जड मालगाडी धरावी लागते. तसेच हे आहे. मग कुठेतरी काटछाट होते. धुके पातळ होते, प्रतिबिंबे अंधूक होतात, रस्त्यावरची माणसे कमी होतात.

'वॉच डॉग्ज'च्या बाबतीत आणखी एक अडचण होती. जून २०१२ मध्ये तो दाखवला तेव्हा प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या यंत्रांची घोषणाही झालेली नव्हती. ती २०१३ मध्ये झाली. म्हणजे डेमो संगणकावर चालवलेला होता आणि ज्या नव्या यंत्रांवर खेळ पुढे विकायचा त्यांची नेमकी ताकद जगजाहीर नव्हती. मे २०१४ मध्ये खेळ आला तो या नव्या यंत्रांवर, संगणकावर आणि शिवाय २००५ व २००६ सालच्या दोन जुन्या यंत्रांवरही. आठ वर्षांचे अंतर असलेली यंत्रे एकाच खेळाने सांभाळायची होती.

इथवरची कथा ऐकून भाचा थोडा विरघळला. पण खटल्याचा दुसरा पुरावा त्याच्याकडे होता आणि तो मलाही मान्य करावा लागला. खेळ बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच हौशी मंडळींनी संगणकावरच्या फाइली उघडून पाहिल्या. २०१२ च्या डेमोतल्या दृश्यपरिणामांपैकी काही त्यांना तिथेच, पण बंद करून ठेवलेले सापडले. ते सुरू करून त्यांनी चित्रे प्रसिद्ध केली. खेळ स्थिर चालावा आणि खेळताना दिसण्यात अडथळा येऊ नये म्हणून ते बंद केल्याचा खुलासा कंपनीने केला. खुलासा अशक्य कोटीतला नाही. दाट धुक्यात आणि झगमगाटात शत्रू दिसेनासा होणे ही खरी अडचण आहे. परंतु हा खुलासा विचारल्यावर आला, आपणहून नव्हे. माझा आक्षेप एवढाच आहे आणि तो लहान नाही.

बदल चांगलाही असतो

मुलांचा एक समज असतो की पहिले ते अस्सल आणि नंतरचे ते पातळ केलेले. हा समज खोडायला माझ्या पिढीजवळ एक उत्तम उदाहरण आहे. नव्वदीच्या दशकात भुसावळच्या संगणकवर्गात जी मुले बसली असतील त्यांना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवत असेलच. शिकायला जायचो डॉस, पण सर बाहेर गेले की राजपुत्र तळघरात धावू लागायचा!

हा खेळ जॉर्डन मेकनर या तरुणाने बहुतांशी एकट्याने केला. आपल्या धाकट्या भावाला धावताना, उड्या मारताना चित्रित करून त्या चित्रांवरून त्याने राजपुत्राची हालचाल बनवली. म्हणून ती इतकी खरी वाटते. मूळ कल्पनेत लढाई नव्हतीच. सापळे चुकवत पळायचे, एवढाच खेळ होता. अर्धाअधिक खेळ तयार झाल्यावर एका मैत्रिणीने त्याला बजावले की यात झुंज हवी, नाहीतर रंगत नाही. पण अॅपल-२ संगणकाच्या स्मृतीत दुसऱ्या पात्राची चित्रे ठेवायला जागा उरलेली नव्हती. आज खिशातल्या फोनने काढलेल्या एका छायाचित्राला लागते त्याहूनही कमी जागेत तो सारा खेळ बसवायचा होता.

त्याने काढलेला मार्ग वर्गात फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे. संगणकात चित्र म्हणजे शून्य आणि एक यांच्या ओळी. राजपुत्राच्या चित्रातली एक ओळ अशी आहे असे समजू: ०११११००. ती एक घर उजवीकडे सरकवली तर होते ००११११०. आता दोन्ही ओळींतले वरखालचे अंक ताडून पाहायचे. अंक सारखे असतील तर शून्य लिहायचे, वेगळे असतील तर एक. उत्तर येते ०१०००१०. मधला भरीव भाग नाहीसा झाला आणि फक्त कडा उरल्या. सगळ्या ओळींना हीच क्रिया लावली की भरीव राजपुत्राच्या जागी एक भुताटकीची, चमकती छाया उभी राहते. नवी चित्रे न साठवता नवे पात्र मिळाले.

गंमत पुढेच आहे. हे पात्र राजपुत्राच्याच चित्रांतून निघाले होते, म्हणून गोष्टीतही ती राजपुत्राचीच छाया ठरली. ती आरशातून बाहेर पडते, त्याच्या वाट्याची शक्तीची कुपी पिऊन टाकते, त्याच्यासमोर दार बंद करते. शेवटी तिच्याशी तलवार भिडवली की तिला केलेला वार राजपुत्रालाच लागतो. तलवार म्यान करून तिला सामोरे गेले की दोघे एक होतात. १९८९ मध्ये अॅपलवर आणि पुढच्या वर्षी डॉसवर आलेल्या त्या खेळातला सर्वांत लक्षात राहणारा प्रसंग हाच आहे. पुढे जागेची आणखी काटकसर करून मेकनरने पहारेकरीही आणले. पहिल्या आराखड्याशी तो प्रामाणिक राहिला असता तर यातले काहीच झाले नसते.

तेव्हा नमुना आणि अंतिम खेळ यांत फरक आहे, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. फरक कशामुळे झाला हा खरा प्रश्न आहे.

फाटकाची गोष्ट

इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. नववीत असताना मी आणि माझ्या मित्राने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी 'स्वयंचलित रेल्वे फाटक' केले होते. भुसावळच्या मुलांनी रेल्वेचे काही केले नाही तरच नवल! चावीच्या खेळण्यातली आगगाडी, तिच्या पोटाला पत्र्याची पट्टी आणि रुळांमध्ये दोन तुकडे. गाडी त्यांवरून गेली की मंडल पूर्ण व्हायचे, खिळ्याभोवती गुंडाळलेल्या तारेचे विद्युतचुंबक खिट्टी ओढायचे आणि फाटक पडायचे. घरी चालले. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तीनदा करून पाहिले तर एकदा पडेना. पट्टीवर काजळी धरत होती. मग आम्ही टेबलावर जमिनीपर्यंत चादर अंथरली आणि मित्र दोरी धरून टेबलाखाली बसला. मी खोकलो की त्याने दोरी ओढायची.

सकाळभर फाटक बिनचूक पडले. दुपारी दुसऱ्या शाळेतले एक वयस्क सर परीक्षक म्हणून आले. त्यांनी दोनदा पाहिले, मान डोलावली आणि म्हणाले, "छान. आता गाडी उलट दिशेने आण."

याचा विचार आम्ही केलाच नव्हता. उलट आली तर गाडी आधी फाटकातून जाणार आणि मग पट्टीवर येणार. मी गाडी सोडली आणि गोंधळून खोकायलाच विसरलो. टेबलाखालच्या मित्राने गाडीचा आवाज ऐकून अंदाजाने दोरी ओढली. फाटक गाडीच्या बरोबर मध्यावर पडले आणि गाडी आडवी झाली.

सरांनी चादर उचलून पाहिली. ते रागावले नाहीत. मित्राला बाहेर यायला सांगितले आणि मला म्हणाले, "फाटक एकाच दिशेने चालतं, तीनपैकी दोनदाच पडतं, हे कागदावर लिहून इथे ठेव. मग तुझं यंत्र अपुरं ठरेल. अपुरं असायला हरकत नाही, सगळीच यंत्रं आधी अपुरी असतात. ही दोरी मात्र खोटी आहे."

आम्हाला बक्षीस मिळाले नाही, आणि मिळू नयेच. पुढे संशोधनाच्या क्षेत्रात आल्यावर ते दोन शब्द मला वारंवार उपयोगी पडले. प्रयोगशाळेत एकदाच चाललेल्या गोष्टीचे सादरीकरण आम्हीही करतो. कोणत्या तापमानाला, किती प्रयत्नांतून, कोणत्या नमुन्यावर ती चालली हे सांगितले तर ते अपुरे विज्ञान असते. लपवले तर ते विज्ञानच राहत नाही.

पुण्याची 'राजी'

हा निकष आता आपल्याकडच्या एका खेळाला लावून पाहू. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेने 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ केला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. २०१७ च्या अखेरीस त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या व्यासपीठावर आवाहन केले आणि लोकांना खेळून पाहता येईल असा छोटा डेमोही दिला. ठरवलेली रक्कम जमली नाही. तरीही काम चालू राहिले, पुढे प्रकाशक मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ निन्टेंडो स्विचवर, तर ऑक्टोबरमध्ये संगणक व इतर यंत्रांवर आला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या उत्तम स्वतंत्र खेळांच्या नामांकनांत तो होता.

गोष्ट साधी आहे. राजी आणि गोलू ही सर्कशीत वाढलेली अनाथ भावंडे. महाबलासुराच्या सैन्याने गोलूला पळवले आणि राजी त्याच्या शोधात निघाली. दुर्गा आणि विष्णू तिच्यावर लक्ष ठेवून आपसात बोलत असतात, त्यातून कथा उलगडते. राजस्थानी किल्ल्यांवरून घेतलेले वाडे आणि सज्जे, पहाडी चित्रशैलीतले रंग, मधले प्रसंग सांगायला कळसूत्री छायाबाहुल्यांसारखी चित्रे. राजी भिंतीवरून धावते, खांबाला गिरकी घेते आणि त्रिशूळ चालवते.

भाच्याच्या संगणकावर मी तो दोन संध्याकाळी खेळलो, म्हणजे बहुतेक वेळ तो खेळला आणि मी पाहिले. माझे पहिले मत असे, की डेमोने ज्या जगाचे वचन दिले ते अंतिम खेळाने पाळले आहे. किल्ल्यावरचा उजेड, भिंतींवरची पुराणचित्रे, दूरवर पसरलेले तट हे सारे हात आखडता न घेता केलेले दिसते. लहान चमूला हे कसे जमले? मोठ्या कंपनीला शिकागो शहर जसेच्या तसे ठेवता आले नाही, तिथे पुण्याच्या मूठभर माणसांना किल्ला कसा राखता आला?

माझ्या मते उत्तर कॅमेऱ्यात आहे. 'राजी'मध्ये कॅमेरा खेळाडूच्या हाती नाही. तो दूरवर, ठरलेल्या जागी असतो आणि राजी पुढे जाईल तसा ठरलेल्या वाटेनेच सरकतो. म्हणजे खेळाडूला काय दिसेल हे चित्रकाराला आधीच ठाऊक असते. दिसणार नाही त्या भिंतीची मागची बाजू रंगवायची गरज नाही आणि संगणकाचा वेळ जिथे नजर जाते तिथेच खर्च करता येतो. तालमीत ठरलेला एकच रस्ता असणे ही 'वॉच डॉग्ज'च्या डेमोची सोय होती, पण अंतिम खेळात ती टिकणारी नव्हती. 'राजी'ने तीच सोय खेळाचा नियम म्हणून स्वीकारली आणि डेमोतही दाखवली. आमच्या फाटकाच्या भाषेत सांगायचे तर 'गाडी एकाच दिशेने' ही चिठ्ठी यंत्रावरच लावलेली आहे. याची किंमतही मोजावी लागते. लहान पडद्यावर राजी चिमुकली दिसते आणि एखादी उडी किती लांबीची घ्यायची याचा अंदाज चुकतो. पण ती किंमत पहिल्या मिनिटालाच कळते.

आणखी एक नोंद करायला हवी. हा खेळ आधी आला तो त्या वेळच्या यंत्रांपैकी ताकदीने कमी असलेल्या, हातात धरायच्या स्विचवर. कारण व्यापारी असेल, पण परिणाम असा की खेळाची पहिली परीक्षा अवघड जागी झाली.

आता उणिवा. तासाभरानंतर लढाया कंटाळवाण्या होऊ लागतात. राजी चपळ आहे, पण एका हालचालीतून दुसरीत जाताना अडखळते, आणि रिंगणात अडकून असुरांच्या लाटा परतवायच्या हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. शेवट तर घाईघाईने येतो. महाबलासुराशी गाठ पडते, आपण सरसावून बसतो आणि गोष्ट मध्येच थांबते. बऱ्याच समीक्षकांनी तेव्हा हीच तक्रार केली होती. आणि मला स्वतःला खटकलेली गोष्ट म्हणजे पहिल्या आवृत्तीत दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलत होते.

या उणिवा डेमोत का दिसल्या नाहीत? कोणी लपवल्या म्हणून नव्हे. पंधरा मिनिटांचा नमुना पुनरावृत्ती मोजूच शकत नाही. चौथ्या तासाचा कंटाळा आणि गोष्टीचा शेवट या दोन गोष्टी कोणत्याही डेमोच्या मापात येत नाहीत. तापमापीने वजन करता येत नाही तसेच हे. मुलांना हे जरूर सांगावे. नमुना खरा असूनही निष्कर्ष चुकू शकतो, कारण आपण त्याला नको तो प्रश्न विचारलेला असतो.

२०२२ मध्ये या खेळाची सुधारित आवृत्ती आली. तीत हिंदी संवाद आले आणि लढायांवर पुन्हा काम झाले. शेवटाचे अधुरेपण त्याने गेले नाही, पण टीका ऐकून दुरुस्त केलेले काम म्हणून मी त्याचे मोल मानतो. म्हणजे अंतिम म्हणवणारी २०२० ची आवृत्तीही एका अर्थाने नमुनाच होती. पाठ्यपुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते, तसे आता खेळांचेही झाले आहे.

चिठ्ठी असूनही

केवळ चिठ्ठी लावली म्हणजे काम भागले असेही नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने 'सायबरपंक २०७७' या खेळाची ४८ मिनिटांची चित्रफीत ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर केली. तिच्यावर काम चालू असल्याची सूचना स्पष्ट होती. त्यात नायक भिंतीवर पाती रोवून चढतो असे दृश्य होते. भिंतीवर धावण्याची ती सोय रद्द केल्याचे कंपनीने खेळ येण्याआधीच, २०२० मध्ये, सांगितले. इथवर सारे सचोटीचे.

गफलत नंतर झाली. डिसेंबर २०२० मध्ये खेळ येण्यापूर्वी समीक्षकांना दिलेल्या प्रती फक्त संगणकासाठीच्या होत्या. २०१३ सालच्या जुन्या यंत्रांवर खेळ कसा चालतो ते आधी दाखवलेच गेले नाही, आणि ती यंत्रे असलेल्या लोकांनी पैसे तर आगाऊ भरलेले होते. त्यांच्याकडे खेळ अडखळत होता, बंद पडत होता. १० डिसेंबरला आलेला हा खेळ सोनीने १७ डिसेंबरला आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत करायला सुरुवात केली. तो परत आला जून २०२१ मध्ये. जुन्या यंत्रांवरचा खेळ आधी दाखवला नाही याबद्दल कंपनीने जाहीर माफी मागितली. पुढच्या काही वर्षांत तिने तो खेळ पुष्कळ सुधारलाही. पण दोष कशात होता ते ध्यानात घ्यावे. खेळ अपुरा होता हे क्षम्य होते. ज्या स्थितीत तो अपुरा पडतो नेमकी तीच स्थिती चादरीखाली ठेवली गेली, ते क्षम्य नव्हते.

वर्गात काय करता येईल?

शिक्षक मित्रहो, आपल्या शाळांमधून दरवर्षी विज्ञान प्रदर्शने भरतात. परीक्षक म्हणून आपण बहुधा विचारतो, "हे कसे चालते?" मुलांनी त्याचे उत्तर पाठ केलेले असते. त्याऐवजी तीन प्रश्न विचारून पाहावेत. हे कोणत्या परिस्थितीत चालते? तुझ्याऐवजी दुसऱ्याने चालवले तर चालेल का? हे कधी चालत नाही? तिसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणाऱ्याला जास्त गुण द्यावेत आणि तसे आधीच जाहीर करावे. नाहीतर मुले दोरी ओढायलाच शिकतात आणि त्यात दोष त्यांचा एकट्यांचा नसतो. बिनचूक चालणाऱ्या यंत्रालाच आपण बक्षीस देतो हे त्यांना पक्के ठाऊक असते.

वरच्या वर्गांत आणखी एक उपक्रम घेता येईल. मुलांना त्यांच्या आवडीच्या एखाद्या खेळाचा जुना डेमो आणि अंतिम खेळाची चित्रफीत आणायला सांगावी. फरकांची यादी करावी आणि प्रत्येक फरकासमोर कारणाचा अंदाज लिहावा. यंत्राची मर्यादा, खेळाडूचे स्वातंत्र्य, सुचलेली अधिक चांगली कल्पना, की निव्वळ जाहिरात? अंदाजाला पुरावा काय तेही लिहावे. पुरावा नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवावे. 'फसवणूक' हा शब्द लिहायला बंदी नाही, पण तो लिहिण्याआधी इतर तीन कारणे खोडून काढावी लागतील. निरीक्षण, अनुमान आणि पुरावा यांतला भेद शिकवायला याहून उत्साहाने केला जाणारा प्रयोग मला तरी माहीत नाही.

सुट्टी संपवून निघायच्या आदल्या रात्री भाच्याने आणखी एक चित्रफीत दाखवली. तो आणि त्याचे दोन मित्र स्वतःच एक छोटा खेळ करत आहेत, हे मला तोवर माहीत नव्हते. खेळात भुसावळ स्थानकासारखे एक स्थानक आहे आणि सुटणारी गाडी पकडायला एक मुलगा फलाटावरून, हमालांना चुकवत धावतो. मित्रमंडळींत पाठवायला त्यांनी एका मिनिटाचा डेमो केला होता. तो खरोखर छान होता.

"आता त्याला उलट दिशेने पळव," मी म्हणालो.

भाच्याने माझ्याकडे संशयाने पाहिले आणि बटण दाबले. मुलगा चार पावले मागे धावला आणि फलाटातून आरपार खाली पडत पडत दिसेनासा झाला. आम्ही दोघेही खूप हसलो.

त्याने तो डेमो पाठवलाच. पण सोबत दोन ओळी लिहिल्या. 'हे फक्त माझ्या संगणकावर चालवून पाहिलं आहे. मागे पळू नका, फलाट अजून बांधायचा आहे.'